डेरिक कुठे खेळला होता

नागपूरच्या विमानतळावर, जिथून पुढे बिनतिकिटाच्या माणसाला सोडत नाहीत त्या दाराशी बाबा थांबले. माझा निरोप घ्यायचा सोडून ते दारावरच्या जवानाकडे बघत राहिले. जवान माझा पासपोर्ट उजेडात धरून फोटो आणि चेहरा, चेहरा आणि फोटो असं ताडून पाहत होता. बाबांना ते फार आवडलं. "बरोबर पाह्यते थो," ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिकडं कोनी काही सांगतलं तं आयकून घेजो. लगेच मानू नको." आईनं माझ्या ओढणीचं टोक सारखं केलं आणि म्हणाली, "कोनाच्या मधात पडू नको." २०१२ च्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. लग्नाला चार महिने झाले होते आणि निखिल आधीच सिंगापूरला जाऊन फ्लॅट बघत होता.

बाबा अमरावतीजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा असली की समोरच्या संघातल्या पोरांच्या गालावरून ते हात फिरवायचे, दाढी केलेली लागते का बघायला. दोनदा लागलीही. संशय घेणं हे त्यांच्या नोकरीचं काम होतं, पण ते काम शाळा सुटल्यावरही सुटत नसे. दूधवाला, भाचेजावई, बँकेतला नवा कॅशियर, सगळ्यांच्या गालावरून त्यांचा हात मनातल्या मनात फिरत असे.

आमच्याकडे मुली सॉफ्टबॉल खेळतात, हे विदर्भाबाहेर सांगितलं की लोक आधी हसतात. मी कॅचर होते. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या समोर, बॅट्समनच्या मागे, उकिडवी बसून चेंडू झेलणारी. महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले, बी.पी.एड. केलं आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीसाठी अर्ज केला. त्या काळात खोट्या प्रमाणपत्रांचं पेव फुटलं होतं. ज्यांनी बॅट कधी हातात धरली नव्हती त्यांच्याकडे राष्ट्रीय स्पर्धेचे कागद होते. माझा कागद खरा होता. तो पडताळणीला गेला आणि तिथेच राहिला. खोटे कागद मात्र पडताळणी होऊनच आले होते. नोकरी दुसऱ्या एकीला मिळाली. तिला धावून गाठायचे बेस किती असतात हे माहीत नव्हतं असं आमच्या मैदानावर सगळे म्हणायचे. मी ते स्वतः तपासलेलं नाही. पण तेव्हापासून कुणी "मी अमुक ठिकाणी खेळलोय" म्हणालं की माझे कान टवकारतात.

सिंगापूरला आम्ही हौगांगमध्ये राहिलो. निखिल सकाळी चांगी बिझनेस पार्कला जायचा, तिथे एका बँकेचं आयटीचं काम त्याच्याकडे होतं. मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या परवान्यावर. आपल्या मराठी बायका भेटल्या की पहिला प्रश्न पासचा आणि दुसरा, "मग दिवसभर करतेस काय?" विचारणाऱ्या चांगल्याच होत्या, पण उत्तर ऐकताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर रेंगाळायची. घरमालकाचा एजंट दर दोन महिन्यांनी यायचा, आम्ही खोली परस्पर कुणाला भाड्यानं दिली नाही ना हे बघायला. बाथरूममधले टूथब्रश मोजायचा. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, कामाचा माणूस आहे.

एका शनिवारी तोआ पायोहहून परतताना बसच्या खिडकीतून मला बेसबॉलचं मैदान दिसलं. पुढच्या स्टॉपवर उतरून मी चालत मागे आले आणि जाळीपाशी उभी राहिले. एका युनिव्हर्सिटीच्या मुलांचा सराव चालला होता. बऱ्याच वेळानं टोपीतला एक सत्तरीकडे झुकलेला माणूस माझ्याकडे आला आणि कुणाला शोधतेस असं विचारू लागला. हे मिस्टर टॅन, संघाचे हेड कोच, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. मी म्हटलं, मी सॉफ्टबॉलची कॅचर आहे, काही मदत लागते का. ते म्हणाले की इंडियात क्रिकेट असतं. मी म्हटलं, तेही असतं. पुढच्या शनिवारी स्वतःचा ग्लोव्ह घेऊन ये, एवढं बोलून ते गेले. मी गेले. त्यांनी मला सरावभर त्यांच्या सगळ्यात वेगवान पिचरसमोर बसवलं. एका शब्दानं शिकवलं नाही की विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "ओके. यू टेक द कॅचर्स." कामाची परवानगी निघाली आणि मी अर्धवेळ सहायक कोच झाले.

दुसरा सहायक कोच होता डेरिक. चाळिशीचा, इथलाच, चिनी घरातला. सगळ्या मुलांना तोंडपाठ असलेली त्याची ओळख अशी की तो अमेरिकेत शिकला आणि तिथे कॉलेजच्या संघात चार वर्षं बेसबॉल खेळला.

या धंद्यात माणूस नावाआधी त्याच्या मागच्या मैदानावरून ओळखला जातो. सिंगापूरचे बहुतेक कोच शाळेतल्या सॉफ्टबॉलमधून वर आलेले. काही जण राष्ट्रीय संघातून उतरलेले, एखादा जपानी कंपनीत नोकरीला आलेला आणि शनिवार-रविवार शिकवणारा. अमेरिकेत म्हणे ही एक लांबलचक शिडीच असते. आधी स्वतः कॉलेजात खेळायचं, मग पुढचं शिक्षण घेता घेता कोचच्या हाताखाली राबायचं, मग काही वर्षं जवळजवळ फुकट, मग एखाद्या लहान कॉलेजात पगारी सहायक, आणि नशीब असेल तर पंधरा-वीस वर्षांनी हेड कोच. काही जण जन्मभर सहायकच राहतात, दर दोन वर्षांनी गाव बदलत, सामान गाडीत भरत. हे सगळं आम्हाला डेरिकनंच सांगितलेलं. तो छान सांगायचा. मुलं चेंडू गोळा करायचं विसरून ऐकत बसायची.

मीही ऐकायची, आणि ऐकता ऐकता मला काहीतरी टोचायला लागलं. त्याच्या गोष्टींत बस असायची, बर्फ असायचा, हेड कोचचा संताप असायचा. कुठल्या गावातल्या मैदानाची माती लाल आहे आणि पांढऱ्या पँटवरून ती कशानं निघते, हे त्याला माहीत होतं. पण त्याचा स्वतःचा असा एकही फटका त्या गोष्टींत नव्हता. एकही झेल नव्हता, सुटलेलासुद्धा नव्हता. मी असा खेळाडू पाहिलेला नाही. आमच्या अमरावतीच्या राखीव खेळाडूसुद्धा एका स्पर्धेत मारलेला एक फटका वीस वर्षं सांगतात.

मग मी त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले. मुलं म्हणायची तो सेकंड बेसला खेळायचा, पण तिथे पाय कसा पडतो ते दाखवायची वेळ आली की एखाद्या मुलालाच पुढे करायचा. फलंदाजीच्या सरावाला चेंडू टाकायचा तो अप्रतिम, एका लयीत, तासभर. स्वतः बॅट मात्र घ्यायचा नाही. खांदा गेलाय म्हणायचा. खांदा गेलेला माणूस तासभर चेंडू कसा टाकतो, हे मी कुणालाच विचारलं नाही. इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं तर त्या नावाची माणसं जगभर निघाली, त्यातून काहीच कळेना.

तोही माझ्यावर नजर ठेवून होता. मुलींचा सॉफ्टबॉल वेगळा, चेंडू खालून येतो, हा खेळ वेगळा, असं तो मिस्टर टॅनना सांगायचा आणि मिस्टर टॅन ते मला तसंच्या तसं सांगायचे. नवऱ्याचा पास कुठला, किती दिवसांचा, हे त्यानं मला दोनदा विचारलं. मी गोड हसून दोन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं. आम्ही तीन वर्षं एकमेकांशेजारी उभं राहून काम केलं, एकाच स्टॉलवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो आणि एकदाही एकमेकांना घरी बोलावलं नाही.

बाबांना फोनवर मी सगळं सांगायची. त्यांना भारी गोडी लागली. आईशी दोन मिनिटं बोलणं झालं की मागून आवाज यायचा, "त्या डेरिकचं काय झालं?" एकदा म्हणाले, "त्याले एकडाव फिल्डिंगले उभा कर. आपोआप समजते." मी हसले, पण ते डोक्यात राहिलं.

२०१६ साली मिस्टर टॅनना छातीचा त्रास झाला आणि ते हॉस्पिटलमध्ये होते. त्याच आठवड्यात जपानी कंपन्यांतल्या जुन्या खेळाडूंच्या संघाशी आमचा सामना ठरलेला. परीक्षेमुळे आमची मुलं कमी पडली. नऊ लागतात, आठच झाली, आणि एक कोच उतरला तर समोरच्यांची हरकत नव्हती. सामना सुरू व्हायच्या आधीच विजेचा भोंगा वाजला. इथे वीज जवळ आली की मैदानावर भोंगा होतो आणि सगळ्यांना छपराखाली जावंच लागतं. ऊन होतं, पण पलीकडचं आभाळ शाईसारखं झालेलं. मुलं पुढच्या बाकांवर मोबाइल काढून बसली. मी मागच्या टेबलावर संघाची नावं लिहीत होते आणि डेरिक शेजारी उभा होता.

"डेरिक, तू सेकंड बेसला," मी म्हटलं.

तो म्हणाला, खांदा. मी म्हटलं, सेकंड बेसहून फर्स्टला फेकायचं तर अंतर काहीच नाही, आणि तू सरावाला याच्या दसपट फेकतोस. मी कागदावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. त्यानं कागदावर हात ठेवला.

"प्लीज," तो म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, "मी कधी खेळलोच नाही."

पाऊस सुरू झाला होता, त्यामुळे पुढच्या बाकांवर काही ऐकू गेलं नसावं. त्यानं मला उभ्या उभ्या सांगितलं. पहिल्या वर्षी तो संघाच्या निवडीला गेला आणि पहिल्याच दिवशी बाहेर पडला. मग त्यानं कोचला विचारलं की मी नुसता इथे राहू का. चार वर्षं तो संघाचा मॅनेजर होता. तिकडे मॅनेजर म्हणजे कपडे धुणारा, बॅटी वाहणारा, बसमध्ये सामान चढवणारा विद्यार्थी. सरावाला चेंडू टाकायला माणूस कमी असायचा म्हणून तो टाकायला शिकला. पुढे एका लहान कॉलेजात सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला, तिथे पहिलाच प्रश्न, कुठे खेळलास. दुसरीकडे तोच. तिसरीकडेही तोच. सिंगापूरला परत आल्यावर मिस्टर टॅननी तेच विचारलं, तेव्हा तो कॉलेजचं नाव सांगून मोकळा झाला. बाकीचं लोकांनी आपलं आपण समजून घेतलं.

मला आनंद व्हायला हवा होता. तीन वर्षं जो गाल मी चाचपत होते त्यावर दाढी सापडली होती. पण समोरच्या माणसानं कागदावरचा हात अजून उचलला नव्हता, आणि दुसरीकडे मनात असंही येत होतं की ही एवढी रडकथा तरी खरी कशावरून.

भोंगा थांबल्यावर मी आमच्या कॅचरला सेकंड बेसला पाठवलं आणि स्वतः कॅचिंगला बसले. बऱ्याच वर्षांनी मी सामना खेळत होते, तोही पुरुषांत. पाचव्या डावात त्यांचा एक धावपटू सेकंड बेस चोरायला, म्हणजे फटका बसायची वाट न बघता पळत गाठायला, निघाला. मी गुडघ्यांवरूनच फेक केली आणि तो बाद झाला. आम्ही सामना हरलो. सामना संपल्यावर सगळ्या बॅटी डेरिकनंच पिशवीत भरल्या.

मिस्टर टॅन हॉस्पिटलमधून घरी आले ते कोचिंग सोडायचं ठरवूनच. युनिव्हर्सिटीच्या क्रीडा विभागानं आम्हा दोघांना मुलाखतीला बोलावलं. त्याच सुमाराला निखिलचं काम पुण्याला हलवायचं ठरलं. तो गेला की त्याच्याबरोबर माझा पास जाणार. हेड कोच झाले असते तर मला माझ्या नावाचा पास मिळाला असता. निखिलचं म्हणणं सरळ होतं: तुला माहीत आहे ते सांग, खोटं तर नाही ना बोलणार. बाबांचं म्हणणं त्याहून सरळ. त्यांच्या डोळ्यांपुढे ती बेस न मोजता येणारी मुलगी होती. ते म्हणाले, "तुया हक्काची जागा एकडाव अशीच गेली. आता चूप राहाचं नाही." आईचं म्हणणं मी विमानतळावरच ऐकलं होतं, कोनाच्या मधात पडू नको.

मी डेरिकला कोपीच्या स्टॉलवर गाठलं आणि म्हटलं, मुलाखतीत तू स्वतः सांग.

"नाहीतर?" त्यानं विचारलं.

"नाहीतर काही नाही. मी आपणहून बोलणार नाही. पण मला विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

मी हे सगळं स्वतःसाठी करतेय, असं त्याला वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

त्यानं सांगितलं. मुलाखतीत बसताक्षणी, कुणी विचारायच्या आत. विभागाच्या बाई हसल्या म्हणे, आणि म्हणाल्या की संघाला हिशेबानं चालवणारा माणूसच हवाय, चार वर्षं मॅनेजर होता हे तर उत्तमच. जागा त्याला मिळाली. मला पूर्ण वेळ सहायक कोचची जागा देऊ केली, पासही त्यावरच मिळणार होता. फक्त एक अट, माझ्या राष्ट्रीय स्पर्धांची भारतातून पडताळणी व्हायला हवी.

विभागाच्या पत्रात ही अट वाचली तेव्हा मी हौगांगच्या स्वयंपाकघरात होते. ज्यानं दहा वर्षं सगळ्यांचा गैरसमज राहू दिला, त्याचं एका वाक्यात भागलं. मी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते आणि माझा कागद पुन्हा पडताळणीला निघाला होता. जिथे तो आधी अडकला होता त्याच कार्यालयाला इथून मेल गेला. उत्तर आलं नाही. बाबा स्वतः जायला लागले. दर सोमवारी डबा घेऊन त्या कार्यालयाच्या बाकावर बसायचे आणि संध्याकाळी फोनवर म्हणायचे, साहेब दौऱ्यावर आहेत. जन्मभर दुसऱ्यांची पडताळणी केलेला माणूस. आता शिपाई त्यांना विचारायचा की मुलगी खरंच खेळली होती का. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आईनं सांगितलं. ही एक गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

मुदत संपत आली तेव्हा विभागातून फोन आला की झालं, कागद चालतील. भारतातून उत्तर आलं का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. मिस्टर टॅन आणि डेरिक येऊन गेले, त्यांनी लिहून दिलं. डेरिक म्हणाला म्हणे की हिला मी खेळताना पाहिलंय, काही खोटं निघालं तर माझं नाव लावा.

मी त्याला कारण विचारलं. संशय माझ्या हाडात आहे, तो काही एका उपकारानं जात नाही. तो म्हणाला, "मला कॅचर्स शिकवता येत नाहीत. तुला येतात." एवढंच. चांगुलपणा वगैरे म्हणाला असता तर मी त्यात काहीतरी शोधत बसले असते. हे कारण मला पटलं.

निखिल पुण्याला गेला आणि पाऊण वर्षानं दुसऱ्या कंपनीत नोकरी शोधून परत आला. तेवढे दिवस हौगांगचा फ्लॅट माझ्या नावावर होता. एजंट आला तेव्हा टूथब्रश एकच निघाला, तरी त्यानं पडद्यामागे बघून घेतलं.

त्यानंतर मी अमरावतीला गेले. हे वाचणारे, तिकडेच राहिलेले तुम्ही सगळे मला किती प्रेमानं भेटलात. आणि तुमच्यातल्या एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हेही इथे लिहायला हवं. सिंगापुरात पोट्ट्यांना बेसबॉल शिकवते? त्याचा पगार देतात? मावशी हळूच आईला विचारत होती की निखिलचं आणि हिचं सगळं ठीक आहे ना. बाबांनी मोबाइलवर संघाचा फोटो दाखवला तर शेजारचे काका तो मोठा करून माझ्या खांद्याजवळ बघायला लागले, चिकटवलाय का म्हणून. बाबा भडकले. त्यांना एवढं भडकलेलं मी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "अरे, माया पोरीचा फोटो आहे थो." पुढे काही पुरावा नव्हता त्यांच्याकडे, आणि त्यांनी तो शोधलाही नाही.

जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे माहीत असेल. नव्या गावात आपण कुठून आलो ते पटवायचं, आणि जुन्या गावात आपण कुठे गेलो ते. दोन्हीकडे आपण जाळीबाहेर उभे. कधीकधी मला वाटतं, याला कंटाळूनच माणसं डेरिकसारखं काहीतरी एक नाव सांगून मोकळी होत असतील.

गेल्या मोसमात नवी मुलं आली. त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी डेरिकला विचारलं, कोच, तुम्ही कुठे खेळलात? मी ग्लोव्हची नाडी बांधत होते, ती बांधायची थांबले. डेरिक म्हणाला, "मी नाही खेळलो. मी बॅटी वाहायचो. खेळलीय ती." मग तो मुलगा माझ्याकडे वळला. मी सवयीनं तयारी केली. इंडिया, महाराष्ट्र, तिथे सॉफ्टबॉल असतो, हो, मुलीसुद्धा खेळतात, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण ऊन वर येत होतं आणि अजून बरंच काम बाकी होतं, म्हणून मी फक्त एक शब्द बोलले.

"अमरावती."

त्यानं मान डोलावली, मास्क खाली ओढला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याला ते गाव माहीत असणं शक्य नव्हतं. त्यानं कुठे आहे तेही विचारलं नाही. मी चेंडू उचलला. त्या क्षणी त्या परक्या मैदानावर अमरावती होती, जशी ती घरी असते, कुणाला पटवून द्यावी न लागता. घर म्हणजे आता मला एवढंच हवं असतं.